श्रमनिद्रा

आश्विन शुद्ध दशमीस शिलंगणाचे सोने लुटून झाले, आपट्याची पाने देव्हाऱ्यात देवापुढे पडली, थोरांच्या पाया पडणे झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घराघरांतून एक निराळीच शांतता उतरली. घट उठले. नऊ दिवस व नऊ रात्री जपलेला नंदादीप शांत झाला. पहिली माळ, दुसरी माळ अशी जी दिवसांची मोजणी चालली होती ती थांबली आणि पुन्हा साधे सोमवार-मंगळवार सुरू झाले. घटाच्या काळ्या मातीत उगवलेले धान टोपीत, पागोट्यात, वेणीत खोवून झाले. उरलेले ओढ्या-नदीला गेले. हिमायतनगरापासून किनवटपर्यंत आणि तेथून थेट माहूरच्या गडापर्यंत रेणुकामातेच्या नावाने जी वाट रात्रंदिवस जागी होती ती आता सामसूम झाली आहे. नांदेडात दसऱ्याच्या दिवशी सचखंड श्री हजूर साहिबचा हल्लाबोल निघून गेला. देवीच्या मंडपाचे बांबू सुटले, कनाती गुंडाळल्या गेल्या, आणि जेथे काल आराधी मंडळींची संबळ घुमत होती तेथे आज दोन शेळ्या निर्माल्य हुंगत उभ्या आहेत.

अशा वेळी घर खायला उठते. हा अनुभव नवा नाही. गौरी-गणपती गेल्यावर तो येतो, मुलीचे लग्न लावून वऱ्हाड परतल्यावर येतो, सप्ताहाच्या काल्यानंतर येतो. वाढोणा या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिमायतनगरात महाशिवरात्रीस श्रीपरमेश्वराची यात्रा भरते. मराठवाड्यातून, पलीकडच्या विदर्भातून आणि तेलंगणातून भाविक येतात. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरचे हे लहानसे गाव त्या दिवसांत माणसांनी तुडुंब भरते आणि यात्रा उठली की तितक्याच वेगाने रिकामे होते. ज्यांनी त्या यात्रेत पालखीला खांदा दिला, रात्र रात्र पहारा दिला, पंगती वाढल्या, त्यांना विचारावे. शेवटचा पाळणा गाडीवर लादला गेला की त्यांच्या मनात काय होते ते त्यांनाच ठाऊक.

या रितेपणाविषयी आपल्याकडे उघड बोलले जात नाही. उत्सवाच्या वर्णनांनी वर्तमानपत्रांची पाने भरतात, आमचीही भरतात. उत्सवानंतरच्या चार दिवसांवर कोणी ओळही लिहीत नाही. परंतु श्रद्धावान मनाची खरी परीक्षा बहुधा त्याच चार दिवसांत होते. आठव्या माळेला आरतीच्या वेळी ज्याच्या डोळ्यांतून पाणी वाहिले, ज्याला क्षणभर वाटून गेले की आई समोर उभी आहे, तोच तरुण एकादशीच्या सकाळी त्याच देव्हाऱ्यापुढे हात जोडतो आणि आत काहीच हालत नाही. शब्द तेच, चाल तीच, आणि मन मात्र कोरडे ठणठणीत. मग तो एकतर म्हणतो की कालचे सारे खोटे होते, ढोल-संबळीने आलेला कैफ होता. किंवा त्याहून वाईट म्हणजे, आपल्याच हातून काही चुकले म्हणून देवी रुसली, असे तो मनाशी धरून बसतो. पुष्कळ सरळ माणसे या दुसऱ्या समजुतीने वर्षानुवर्षे आतल्या आत झुरत असतात, आणि त्यांना कोणी सांगत नाही की बाबा, तू केवळ दमला आहेस.

ही गोष्ट आपल्या मराठवाड्याच्या कुलस्वामिनीच्या दरबारात मात्र शेकडो मुखांनी सांगितली जाते. आम्ही तुळजापूरविषयी बोलत आहोत.

श्रीतुळजाभवानीची मूर्ती चल आहे. सिंहासनावरून तिला हलविता येते, आणि वर्षातून तीन वेळा ती सिंहासन सोडून शेजघरातील पलंगावर निजते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत जी निद्रा ती घोरनिद्रा. महिषासुराशी युद्ध मांडण्यापूर्वीची ती विश्रांती. पौषातील शाकंभरी नवरात्रापूर्वी जी येते ती मोहनिद्रा. आणि या दोहोंच्या मध्ये, विजयादशमीच्या सीमोल्लंघनानंतर जी सुरू होते आणि आश्विन पौर्णिमेस संपते तिचे नाव आहे श्रमनिद्रा. नऊ दिवस युद्ध केले, दहाव्या दिवशी सीमा ओलांडली, आता आई दमली आहे म्हणून निजली आहे. एवढा साधा आणि एवढा धीट अर्थ त्या एका शब्दात आहे.

या निद्रेची तयारी काही साधी नाही. पलंग पुणे जिल्ह्यातील घोडेगावाहून निघतो. पालखी नगरजवळच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगराजवळच्या बुऱ्हाणनगराहून येते. गावोगावचे लोक वाटेत त्यांचे दर्शन घेतात, पलंगालाही हळद-कुंकू वाहतात. ज्या पलंगावर देवी अजून निजायची आहे त्याच्याही पाया पडणारी ही माणसे विश्रांतीचे महत्त्व आम्हां शहाण्यांपेक्षा अधिक जाणतात, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. सीमोल्लंघनाच्या वेळी, दशमीची रात्र संपून एकादशीची पहाट होत असताना, मूर्तीस साड्यांच्या घड्यांवर घड्या लपेटतात. एखाद्या वस्तूला धक्का लागू नये म्हणून आपण जसे गुंडाळतो तसे, किंवा खरे सांगायचे तर बाळंतिणीला गुंडाळतात तसे. पालखीतून पिंपळाच्या पारास प्रदक्षिणा होते, कुंकवाची उधळण होते, आणि मग जयजयकाराच्या त्या सर्वांत उंच क्षणानंतर लगेच देवीला अलगद पलंगावर निजविले जाते. सिंहासनावरील अभिषेक पौर्णिमेपर्यंत थांबतात.

या क्रमाकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. विजय आणि निद्रा यांच्यामध्ये एक दिवसाचेही अंतर ठेवलेले नाही. ज्यांनी ही परंपरा घातली त्यांनी देवीस विजयाच्या उन्मादात सिंहासनावर तसेच बसवून ठेवले नाही, किंवा लागलीच दुसऱ्या राक्षसाच्या पाठीवरही धाडले नाही. सर्व शक्तींची जी अधिष्ठात्री, तिलाही श्रम होतात असे मानण्यात त्यांना देवीची मानहानी वाटली नाही. आणि देवी निजली म्हणून ती भक्तांस अंतरली असेही कोणी म्हणत नाही. लोक पलंगावरील देवीचे दर्शन घेतात. सोलापुराकडून, कर्नाटकातून अनवाणी चालत निघालेले हजारो पाय याच पाच दिवसांत तुळजापूरच्या वाटेवर असतात. जागी देवी आणि निजलेली देवी, दोघीही त्यांना सारख्याच.

पंढरीचीही रीत हीच आहे. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेपूर्वी विठ्ठलाचा पलंग काढतात, शेजारती बंद होते आणि देव अष्टौप्रहर दर्शनास उभा राहतो. पाठीशी टेकायला म्हणून विठ्ठलाला लोड आणि रखुमाईला तक्क्या ठेवतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा. पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, पलंग पुन्हा मांडतात, आणि रात्री शिणवटा जावा म्हणून वनौषधींचा काढा दाखवितात. लाखो लोकांनी पायांवर डोके ठेवल्यावर पाय दुखणारच, हे ओळखणारी ही पूजा ज्याने प्रथम घातली त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, पण ते मन कोणा सेवेकऱ्याचेच असले पाहिजे. पंडिताला हे सुचले नसते.

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. देवाचा पलंग आपण नेमाने मांडतो. देवीचा पलंग पायी मिरवीत आणतो. परंतु ज्या घरी घट बसले होते त्या घरच्या सुनेचे काय? नऊ दिवस पहाटे उठून सडा-सारवण, दिव्याची राखण, रोजची माळ, उपवासाचे निराळे आणि न करणाऱ्यांचे निराळे शिजविणे, अष्टमीचा होम, सवाष्ण-कुमारिकांच्या पंगती, पुरणावरणाचा नैवेद्य. आणि यांतील बरेचसे स्वतः उपवास धरून. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या वाट्याला काय येते? चौरंगाखालची माती काढणे, समया-तांब्यांची घासणी, पाहुण्यांची पांघरुणे धुणे. आणि आमच्या हिमायतनगर-हदगाव-भोकर भागात तर याच सुमारास सोयाबीन कापणीस आलेले असते आणि कपाशीची बोंडे फुटू लागलेली असतात. म्हणजे घट उठले की विळा हातात. पोळ्याच्या आदल्या सांजेस बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळण्याची चाल आपल्याकडे आहे आणि पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवणे पाप मानतात. ही चाल थोर आहे. पण मग घरच्या लक्ष्मीसाठी पंचांगात एखादी तिथी कोणी राखून ठेवली नाही, हा विसर कसा पडला? आम्हांस वाटते, विसर पडला नव्हता. श्रमनिद्रेची तिथी हीच ती होती. ती आपण तुळजापुरातच ठेवून आलो, घरी आणली नाही.

अवसान ओसरल्यावरच्या या थकव्याला जगातील सर्वच धर्मांनी तोंड दिले आहे. ख्रिस्ती व यहुदी यांच्या धर्मग्रंथात एलीया नावाच्या एका प्रवक्त्याची कथा आहे. ती आपल्या वाचकांनी ऐकण्याजोगी आहे. तीन वर्षे अवर्षण पडलेल्या देशात हा मनुष्य राजसत्तेच्या विरुद्ध एकटा उभा राहिला. कर्मेल डोंगरावर साऱ्या लोकांसमक्ष त्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरला आणि भिजवलेली वेदी पेटली. पुढे पाऊसही आला. त्या डोंगरावरील सामना आणि त्यानंतरचा रक्तपात यांविषयी आम्हांस येथे बोलावयाचे नाही, तो भाग आमच्या मनास मानवतही नाही. पण दुसऱ्या दिवशी काय झाले ते पाहावे. राणी ईजबेलने जिवे मारण्याची धमकी पाठविली, आणि काल शेकडोंना न भ्यालेला हा पुरुष एका निरोपाने खचून अरण्यात पळाला. सोबतच्या सेवकालाही त्याने वाटेत मागे ठेवले. एका झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले आणि तेथेच झोपी गेला.

त्यानंतर देवदूत येतो. आपल्या पुराणांतील एखादा ऋषी असता तर त्याने या जागी उपदेशाचे दोन अध्याय तरी सांगितले असते. हा देवदूत तसे काही करीत नाही. श्रद्धा कोठे गेली असे विचारीत नाही, कालच्या पराक्रमाची आठवण देऊन लाजवीतही नाही. तो त्याला हात लावून उठवितो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला पुन्हा झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घालतो, कारण पुढची वाट लांबची आहे. मग चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून तो होरेब पर्वतावर पोहोचतो. तेथे प्रचंड वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो; आणि या तिन्हींत देव नसतो. कालच अग्नीतून ज्याला देवाची साक्ष पटली होती, त्याला आज अग्नीत देव नाही! देवाची चाहूल त्याला लागते ती अगदी मंद, हलक्या वाणीत. आणि त्या वाणीने त्याला मिळते ते पुढचे काम, हाताखाली तयार करावयाचा एक शिष्य, आणि तू एकटा नाहीस, तुझ्यासारखे आणखी सात हजार आहेत, ही बातमी. येशू ख्रिस्ताविषयीही असे सांगतात की गावोगाव हिंडून परतलेल्या शिष्यांना त्याने आणखी कामावर धाडण्याऐवजी एकांतात चला, थोडे विसावा घ्या, असे म्हटले. त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती.

आपल्याच महाराष्ट्रात याचे एक उदाहरण घडले आहे. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराविषयी ज्यांचे जे मत असेल ते असो. त्या बाईंची विद्वत्ता आणि निराधार स्त्रियांसाठी त्यांनी उपसलेले कष्ट यांविषयी दुमत नाही. केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनात १९०५ साली एक मोठी भावलाट उसळली. मुली प्रार्थनेत रडू लागल्या, रात्र रात्र जागू लागल्या, आणि त्याची वार्ता परदेशांपर्यंत गेली. अशा लाटेवर स्वार होऊन आयुष्यभर तीच तीच पुन्हा उसळवीत बसणारे पुष्कळ असतात. रमाबाई बसल्या त्या हिब्रू व ग्रीक भाषांचे कोश उघडून. बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी घेतले होते; त्या कामाला वर्षांमागून वर्षे लागली आणि १९२२ साली त्यांचे देहावसान झाले त्याच्या थोडे आधी ते हातावेगळे झाले. छापून पूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो त्यांच्यामागून, १९२४ मध्ये. लाट आली आणि ओसरली. मागे उरलेल्या ओल्या वाळूत त्यांनी पेरणी केली, एवढेच.

आमच्याकडे आज याच्या उलट चालले आहे. भाव ओसरू लागला की तो पुन्हा चढविण्याची घाई. एक सप्ताह उठला की लगोलग दुसऱ्याचा फलक, एका यात्रेहून आलेली गाडी तशीच दुसऱ्या यात्रेस, ध्वनिक्षेपक गेल्या वर्षीपेक्षा मोठा, मिरवणूक गेल्या वर्षीपेक्षा लांब. यांत भक्ती नाही असे आम्ही म्हणत नाही. पण जो भाव प्रत्येक वेळी अधिक मोठ्या आवाजाने उठवावा लागतो तो दर वेळी अधिक लवकर बसतो, हे ज्याने पाहिले नसेल त्याने गावातील वृद्ध टाळकऱ्यास विचारावे. चाळीस वर्षे काकड आरतीस उभा राहणारा तो मनुष्य चाळीस वर्षे रोज रडलेला नसतो. बहुतेक दिवशी तो नुसता उभा असतो, झोपेने डोळे चुरचुरत असतात, आणि तरी टाळ ठेक्यात पडत असतो.

वैद्यकशास्त्रातही या उताराचा विचार आहे. वमन-विरेचनादि शोधन झालेल्या माणसास आयुर्वेद लागलीच पूर्ण जेवण देत नाही. आधी पेज, मग विलेपी म्हणजे दाट भात, मग कढण, आणि असे पायरीपायरीने काही दिवसांनी नेहमीचे अन्न. याला संसर्जनक्रम म्हणतात. शोधनाने अग्नी मंद झालेला असतो, तो फुंकून फुंकून हळूहळू पेटवायचा. नऊ दिवसांच्या उपोषणानंतर दसऱ्याला श्रीखंड-पुरी किंवा पुरणपोळीवर तुटून पडणाऱ्या आमच्या पोटांना हे ठाऊक नसते. आमच्या मनांनाही नसते. उंचावर गेलेल्या मनालाही पेजेवर ठेवावे लागते. लांबलचक पारायणाऐवजी एक ओवी. एक हजार जपाऐवजी एक माळ, तीही हलक्या आवाजात, तुळशीपाशी. मन लागले नाही तरी दिवा लावावा आणि मन लागले नाही म्हणून स्वतःस दूषण देऊ नये. चार रात्री वेळेवर झोपावे. ज्याच्याशी उत्सवात बोलायला सवड झाली नाही त्या शेजाऱ्याकडे जाऊन बसावे. हे उपाय फार साधे आहेत म्हणून कोणी हसेल. निखाऱ्यावरची भाकर आणि पायाला चोळलेले लिंबू-साखर याहून अवघड नाहीत हे खरे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. अशाने आळसाला शास्त्राचा आधार मिळेल, आधीच माणसे देवधर्म टाळायला निमित्त शोधत असतात. त्यांना आमचे उत्तर तुळजापूरच देईल. श्रमनिद्रेला आरंभाची तिथी आहे तशी समाप्तीचीही आहे. पाच दिवस, पन्नास नव्हेत. पौर्णिमेच्या पहाटे देवी उठते, पुन्हा सिंहासनावर बसते, आणि अभिषेक-पूजा पूर्ववत सुरू होतात. आणि ती पौर्णिमा कोणती? कोजागिरीची. कोण जागे आहे, असे विचारीत लक्ष्मी ज्या रात्री घरोघर फिरते तीच. निजायचे पाच दिवस आधी आणि जागे आहेस का हा प्रश्न नंतर, अशी ही जुळणी आपोआप झाली असेल किंवा कोणी जाणून केली असेल. आम्हांस ती फार शहाणपणाची दिसते. ज्याला झोपूच दिले नाही त्याला जागा आहेस का असे विचारण्यात देवीलाही संकोच वाटला असता.

तेव्हा या पाच दिवसांतले जे उरले आहेत ते तरी घरात पाळावेत, अशी आमची वाचकांस विनंती आहे. सोयाबीन थांबणार नाही, हे आम्ही जाणतो. ढगाळ आभाळाखाली कापलेले पीक पडू देता येत नाही. पण दुपारच्या कामातून घरच्या बाईला तासभर मोकळे करता येते, तांब्या-समया लेकाने घासल्या तर देवीचा कोप होत नाही, आणि उपवासाने जिचे पित्त खवळले आहे तिच्यासाठी पेज शिजविणे पुरुषांच्याही हातून जमते. कोजागिरीला चंद्र डोक्यावर येईपर्यंत दूध आटवावे लागते. चुलीपाशी बसून तळाशी न लागू देता ढवळत राहण्याचे ते काम आहे. या वर्षी तो पळा पुरुषांनी हातात घ्यावा, आणि जिने नऊ दिवस नंदादीप राखला तिला अंगणात, चांदण्यात, सर्वांआधी वाटी भरून द्यावी.